एका क्लिकचे बावीस रुपये

बाळांनो, तुमचे आजोबा रेल्वेतून निवृत्त झाल्यावर दौंडला आमच्या दोन भाड्याच्या गाड्या होत्या, हे तुमच्या आईने सांगितले असेल. त्यातली माझी चूक तिने बहुधा गाळली असेल, म्हणून ती मीच लिहिते.

एक गाडी आजोबा हौसेने चालवत. दुसरीवर ड्रायव्हर म्हणून चाचा होते. त्यांचे घर मागच्या गल्लीत, कितीतरी पिढ्या दौंडचेच. रांजणगावच्या एका कारखान्याच्या बसवरची नोकरी सोडून ते केवळ आजोबांच्या शब्दावर आमच्याकडे आले होते. त्यामुळे त्यांची गाडी भाड्यावाचून दारात उभी राहू लागली तेव्हा मला काळजी गाडीची नव्हती, चाचांची होती. शिरूरचे एक गृहस्थ ती विकत घ्यायला तयार होते आणि पुढच्या रविवारी पाहायला येणार होते. गाडी गेली की चाचांचे कामही गेले.

रांजणगावला जाणारे साहेब लोक दौंडला उतरत, पण इंटरनेटवर पाहून दुसऱ्याच कुणाची गाडी ठरवून आलेले असत. म्हणून आम्हीही तिथे जाहिरात दिली होती. कुणी रांजणगाव टॅक्सी असे शोधले की आमची ओळ दिसे, आणि तिच्यावर क्लिक झाले तरच आमचे पैसे कापले जात. ओळ वर दिसावी म्हणून एका क्लिकला किती देणार, ती बोली आजोबांनी लावली. शिरूरच्या बाजारात कांद्याचे लिलाव पाहिलेला माणूस. मोठी बोली लावेल त्याचा माल, एवढेच त्यांना ठाऊक. एका क्लिकला बावीस रुपये पडू लागले, तरी आमची ओळ सगळ्यांच्या खाली.

मजकूर माझा होता. शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवले, त्यामुळे तो इंग्रजीतच लिहिला. त्याचा अर्थ असा: ‘सुसंस्कृत प्रवाशांसाठी विश्वासार्ह वाहनसेवा, आपल्या स्नेहाच्या प्रतीक्षेत.’ व्याकरणात बोट ठेवायला जागा नव्हती. टॅक्सी हा शब्द मला उथळ वाटला, म्हणून तो घेतला नाही. रांजणगाव घ्यायला जागा उरली नाही.

क्लिक केल्यावर जे पान उघडे ते लग्नपत्रिका छापणाऱ्याने करून दिले होते आणि त्याला एकच मांडणी येत होती. वर गणपती, खाली ‘कुलदैवत प्रसन्न’, मग ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ गाड्या भाड्याने मिळतील, मग थोरले दीर, मधले दीर, दोन्ही नणंदा, सगळे मानाच्या क्रमाने. फोन नंबर अगदी तळाशी, ‘आपले नम्र’च्याही खाली. आम्हाला त्यात काही वावगे दिसले नाही. परक्या माणसाला आधी घरातली वडीलधारी माणसे कळायला हवीत, असेच आम्हाला वाटत होते.

त्याच आठवड्यात तुमची आई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. पुण्याच्या ऑफिसात ती असल्याच जाहिराती सांभाळायची. आमचे पान वाचून ती पोट धरून इतकी हसली की मला वाटले, थोरलीचा जन्म आता इथेच होतो.

“आप्पा, बोली कितीदा वाढवलीत?” तिने विचारले.

“तीनदा. वरचा तो दुसरा टॅक्सीवाला हटतच नाही.”

“तो तुमच्यापेक्षा कमी देत असेल.”

“कमी देऊन वर कसा जाईल? वशिला असणार.”

मग तिने जत्रेचे उदाहरण घेतले. “जत्रेत दुकानांच्या जागांचा लिलाव होतो ना? समजा पंचांनी ठरवलं, भाडं जागेचं नको, दुकानात शिरणाऱ्या माणसामागं घेऊ. मग देवळासमोरची जागा ते कुणाला देतील? माणशी दहा कबूल करणाऱ्या भेळवाल्याला, का माणशी बावीस कबूल करून माश्या मारत बसणाऱ्याला?”

“भेळवाल्याला,” पायरीवर बसलेले चाचा म्हणाले. “त्याच्याकडं शंभर जातील. आप्पांकडं चार.”

“आणि त्या चौघांना आत काय मिळणार? थोरल्या काकांचं नाव.”

थोडक्यात, आपली बोली आणि शेजाऱ्याची बोली हे निम्मेच गणित होते. ओळ लोक शोधतात त्याला धरून आहे का, किती जण तिच्यावर क्लिक करतील, पान उघडल्यावर हवे ते मिळते का, हेही पाहिले जाई. त्यात चांगले ठरलात तर थोड्या पैशांत वरची जागा मिळे, आणि खालच्याला मागे ठेवण्यापुरतेच पैसे द्यावे लागत.

“म्हणजे मार्क देतात,” आजोबा म्हणाले. “आपल्याला किती?”

“दहापैकी दोन.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी चाचांना विचारले, “गाडीत बसणारे आधी काय विचारतात हो?”

“तीनच गोष्टी, बाई. रांजणगावला किती घ्याल, एसी हाय का, आन् बिल मिळंल का. स्नेहाचं आजवर कुणी इचारलं न्हाई.”

मी नवी ओळ लिहिली: दौंड स्टेशन ते रांजणगाव टॅक्सी. एसी. पक्के बिल. क्रियापद नसलेली तीन वाक्ये एका दमात लिहिण्याची माझी ती पहिलीच वेळ.

पान बदलायचे म्हटल्यावर मात्र आजोबा अडले. “दादाचं नाव काढलं तर दिवाळीला त्याच्या पंगतीला कसा बसू?”

“काका कशाला बघायला जातात ते पान?”

“रोज बघतो. आंघोळ झाली की लावतो.”

तुमच्या आईने हळूच विचारले, “कसं लावतात?”

केडगावचे थोरले दीर रोज सकाळी आमची जाहिरात शोधून काढत, तिच्यावर क्लिक करत आणि आपले नाव वाचून चहाला बसत. मधल्या दिरांनाही त्यांनी ते शिकवले होते. दिवसाच्या चार क्लिकपैकी दोन घरचीच होती.

आजोबांनी फोन लावला. “दादा, पानावरचं तुझं नाव काढावं लागतंय.”

“का रे? मी काय केलं?”

“नाही काढलं तर चाचांची गाडी विकावी लागेल.”

दीर म्हणाले, “मग काढ. पण मधल्याचं आधी काढ.”

त्या क्रमानेच नावे काढली. वर फोन नंबर, खाली दर, बस. दोन-तीन दिवसांत आमची ओळ वर सरकली आणि क्लिकचा दर नऊ रुपयांवर आला. शनिवारी पहिले भाडे मिळाले.

रविवारी शिरूरचे गृहस्थ आले तेव्हा चाचा गाडी घेऊन रांजणगावला गेले होते. मी पोहे केले, आजोबांनी गाडीचा फोटो दाखवला, आणि दोन कप चहा घेऊन ते परत गेले. पुढच्या रविवारीही तसेच झाले, फक्त पोह्यांऐवजी उपमा होता. तिसऱ्या वेळी शहाणपणाने त्यांनी आधी फोन केला. भाड्यांचा फोन आता चाचांकडे असे, त्यांनीच तो उचलला.

“गाडी बघायला येऊ का?”

“बघायला कशापायी, साहेब? बसायलाच या. कुठनं घ्यायचं तुम्हाला?”