फटीत भरलेलं सूत

दिवाळी झाली, तापीचं पाणी संथ झालं, की आमची नाव पाण्यात उतरायची. पावसाळाभर ती अमरोलीच्या काठावर ताडपत्रीखाली पालथी पडलेली असे. नंतरच्या उन्हाने फळ्या सुकत, फटी उघडत. त्या बुजवून वर डांबर फासलं की थंडीभर जाळं टाकायला नाव तयार. हे काम मी आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, दोघं मिळून करत आलो. गेल्या वर्षी आप्पांनी अंथरूण धरलं आणि मी एकटा पडलो.

हे काम एकट्याचं नाहीच. आधी नावेत पाणी ओतायचं आणि बाहेरून बघायचं, कुठे पाझरतं. एकाने ओतायचं, दुसऱ्याने खडूने खूण करायची. मी बादली ओतून बाहेर उडी मारायचो, तोवर सगळी बाजू ओली. नदीकडे बघून मी शिव्या घालायचो. घालणार कुणाला? मुलाला फोन केला तर तो इथल्या गुजरातीत म्हणाला, "पप्पा, वेची नाखो ने." विकून टाका म्हणे! मी फोन ठेवून दिला. त्यानंतर तीन रविवार काठावर माझ्याशी कुणी बोललं नाही आणि मीही कुणाला बोलावलं नाही.

घरी कोसाडला आप्पा रोज एकच विचारायचे, "नाव उतरनी का पानीमा?" त्यांना एकदा तरी नावेत बसायचं होतं. डॉक्टर जे बोलले होते, त्यावरून पुढच्या थंडीची खात्री नव्हती. मी म्हणायचो, "होतंय, होतंय," आणि जेवायला बसायचो.

फटीत भरायला आप्पा खान्देशातल्या आमच्या गावाहून थैलीभर कापूस आणायचे. मला ते म्हाताऱ्याचं खूळ वाटायचं. कतारगामच्या आमच्या कारखान्यात लूमखाली धाग्याचं वेस्टेज ढीगभर पडतं, मजबूत आणि फुकट. मी दोन पोती आणली, वळून फटींत ठोकली, डांबर फासलं. स्वतःवर बेहद्द खूश होतो.

चौथ्या रविवारी नाव उतरवली. काठापासून वीसेक हात गेलो नसेन, तोच घोट्यापर्यंत पाणी चढलं. डब्याने उपसत कसाबसा परत आलो आणि चिखलात बसून रडलो. चाळीशी उलटलेला माणूस, पण रडलो.

घरी आलो तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत ओली होती. आप्पांनी बघितलं.

"सूत कोनतं भरं?"

"कारखान्याचं."

"ते पॉलिस्टर शे. पानीमा फुगत नही. कापूस फुगस, मंग फट बंद व्हस."

वीस वर्षं मी तेच सूत विणतो. त्याच्या साड्या झटकल्या की वाळतात, हे मला कुणी शिकवायला नको होतं. मला स्वतःचीच चीड आली.

"माले का बरं नही इचारं?" आप्पा म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते बोलणं सोसवेना.

उत्तर मला माहीत होतं. काठावर मी एकटा पडलो म्हणून महिनाभर कुढत होतो, आणि नावेतलं सगळं जाणणारा माणूस घरात भिंतीकडे तोंड करून पडलेला होता. खाटेला खिळलेल्या माणसाला काही विचारायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बापाला हे कसं सांगणार? मी ओली पँट पिळत राहिलो.