पाठीमागून विचारलेला प्रश्न

आमचे हे तोफखान्यातून निवृत्त होऊन चामोर्शीला आले ते गुडघा, कंबर आणि कानातली शिट्टी घेऊनच. पेन्शनीसाठी मेडिकल बोर्डाने अपंगत्वाचे टक्के दिले ते एकट्या गुडघ्याचे. कंबर म्हणे वयाची, आणि कान ठणठणीत! कागद वाचून माझं डोकंच फिरलं. यांना फैलावर घेतलं तेव्हा कळलं, की साहेबांसमोर काठी घेऊन कसं जायचं म्हणून स्वारीने ती बाहेर कडुनिंबाला टेकवून ठेवली होती. बूट चमकवले, ताठ उभे राहिले आणि प्रत्येक प्रश्नाला "ठीक है साब" म्हणून आले. काय बोलायचं या माणसाला!

अपील मीच करायला लावलं. लोखंडी पेटीतून नोकरीतले दवाखान्याचे कागद काढून तारखेवार लावले. तोफांच्या सरावानंतर कानातून रक्त आलं होतं, त्याचाही कागद निघाला. दुसऱ्या बोर्डाला मी सोबत गेले आणि काठी काही यांच्या हातातून सुटू दिली नाही.

मलाही आत बसू दिलं. डॉक्टर समोरून विचारत होते, हे धडाधड उत्तरं देत होते. झालं, कान पुन्हा ठणठणीत ठरणार. तेवढ्यात डॉक्टर उठून यांच्या मागे गेले आणि साध्या आवाजात म्हणाले, "घर में कौन कौन है?"

हे भिंतीकडे बघत उभे. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं, कारण यांच्या वतीने बोलायची मला सवयच. पदर तोंडावर दाबून धरला. हे इतकी वर्षं माझे ओठ बघून ऐकत होते, ते मला तिथे समजलं. आणि मी चुलीशी बसून यांच्या पाठीला बोलत आले, उत्तर नाही आलं की दोन दोन दिवस रुसत आले. फार लाज वाटली मला माझी.

मग मशीनवर तपासणी झाली आणि कान एकदाचा कागदावर चढला.

बाहेर हे काठी टेकत पुढे निघाले होते. मी हाक मारणार होते, पण भरभर चालत जाऊन समोर उभी राहिले. डोळे पुसायचे राहूनच गेले होते.

"काऊन रडून राह्यली?" हे घाबरून म्हणाले. "काठी होती, तरी मी ताठच उभा होतो ना?"