आईच्या हाती कणीक देणारे पाळकसाहेब

रेव्हरंड शांतवन मकासरे यांची आणि माझी पहिली ओळख रक्तदाब मोजायच्या पट्ट्यानं झाली. उमरग्यात हमरस्त्यालगतच्या एका दवाखान्यात मी तेव्हा परिचारिका म्हणून नुकतीच लागले होते. बाजाराचा दिवस होता, बाकांवर माणसं मावत नव्हती आणि माझं डोकं तापलेलं होतं. बाकाच्या टोकाला पांढऱ्या सदऱ्यातले एक गृहस्थ बसले होते. मी काही न विचारता त्यांचा हात ओढला, पट्टा गुंडाळला, आकडा लिहून घेतला आणि मीठ कमी खा असा दमही भरला. त्यांनी निमूट मान हलवली. मग हळूच सांगितलं की आजारी ते नाहीत, पलीकडे आडवा झालेला ट्रकवाला आहे, त्याला ते रस्त्यावरून उचलून घेऊन आलेत. हे आधी का नाही सांगितलं म्हणून मी उलट त्यांच्यावरच खेकसले. ते म्हणाले, "बाई, तुम्ही इतक्या तावात होता, म्हटलं आधी होऊन जाऊ द्यावं."

रविवारी चर्चमध्ये गेले, तर तेच गृहस्थ पाळकाच्या झग्यात उभे. आमच्या मंडळीला नवे पाळक येणार हे ठाऊक होतं, ते हेच असतील असं कुणाला वाटणार? मी मागच्या बाकावर तोंड लपवून बसले. उपासना संपल्यावर ते दाराशी उभे राहून सगळ्यांना सलाम करत होते. माझा हात हातात घेऊन गंभीर चेहऱ्यानं म्हणाले की, मीठ कमी केलंय. त्या दिवसापासून आमच्या घरात ते 'आपले पाळकसाहेब' झाले.

यंदा पाळकसाहेब पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत. गौरवग्रंथाच्या समितीनं मला कार्य, विचार आणि स्वभाव असे तीन भाग पाडून लिहायला सांगितलं होतं. मला ते जमणार नाही. त्यांनी उभारलेल्या शाळेबद्दल, वसतिगृहाबद्दल इतर मंडळी माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मी एकाच गोष्टीबद्दल लिहिणार आहे. देवानं आपल्याला कायमचं टाकलं, अशी भीती ज्यांच्या मनात बसते, त्या माणसांशी पाळकसाहेब कसे वागतात, हे मी फार जवळून पाहिलंय, कारण त्या माणसांतली पहिली माझी आई होती.

आई अणदूरकडची, मेंढपाळाच्या घरातली. लहानपणापासून जत्रेत कुणाच्या अंगात येणं, कुणाला बाहेरचं लागणं, मग लिंबू उतरवून टाकणं, हे तिनं सहज पाहिलेलं होतं. पुढं लग्न झालं, माझ्या वडिलांबरोबर तिनं बाप्तिस्मा घेतला आणि मंडळीत ती मनापासून रमली. पण लहानपणची बोली कुठं जाते? उमरग्यात एकदा मंडप घालून मोठी प्रार्थनासभा भरली होती. गाणी टिपेला गेली आणि पुढच्या रांगेतली एक मुलगी थरथर कापत वेगळ्याच भाषेत बोलायला लागली. पवित्र आत्मा उतरला की असं होतं, असं सभेतले लोक मानत. आई घाबरून उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अगं धरा तिला, बाहेरचं लागलंय पोरीला. कुणीतरी लिंबू आणा." आजूबाजूच्या बायका हसल्या, मीही हसले, गोष्ट तिथंच संपायला हवी होती.

सभेच्या शेवटच्या दिवशी बाहेरगावचे वक्ते बोलायला उठले. पवित्र आत्म्याच्या कामाला जो सैतानाचं काम म्हणतो त्याच्या पापाला क्षमा नाही, हा प्रभूचा इशारा त्यांनी दणदणीत आवाजात सांगितला. प्रभूनं तो कुणाला दिला आणि का दिला, हे मात्र सांगायचं राहून गेलं. आई घरी आली ती न जेवता भिंतीकडं तोंड करून झोपली. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे प्रभूच्या आठवणीत सगळ्यांनी एकाच भाकरीचा तुकडा घ्यायचा विधी. भाकरीचं ताट आमच्या रांगेत आलं, तेव्हा आईनं पदरानं हात झाकून घेतले आणि मानेनंच ताट पुढं न्यायला सांगितलं. पाळकसाहेबांनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी ते आमच्या घरी आले.

आई त्यांच्यापुढं जमिनीवर बसली. "साहेब, म्या पवित्र आत्म्याला भूत म्हणले. आता माझं काय उरलं?"

पाळकसाहेबांनी तिला सगळं उलगडून सांगितलं. ज्यांना प्रभूनं तो इशारा दिला ते शास्त्र शिकलेले लोक होते. प्रभूनं बरा केलेला माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर उभा होता, हे देवाचं काम आहे हे त्यांना दिसत होतं, तरी लोकांनी प्रभूकडं जाऊ नये म्हणून ते त्याला सैतानाचं नाव देत होते. क्षमा त्यांना नकोच होती. आणि तुम्ही? तुम्ही तर पोरगी पडेल म्हणून घाबरला होता. शिवाय क्षमा मिळावी म्हणून जो तळमळतोय, त्याच्या मनात ती तळमळ कोण घालतो? पवित्र आत्मा सोडून गेला असता, तर तुम्हाला जेवण गोडच लागलं असतं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की, सभेतले साहेबही शिकलेलेच होते, मग खरं कुणाचं मानायचं? पाळकसाहेबांनी चहा घेतला, प्रार्थना केली आणि ते गेले. मला त्यांचा भयंकर राग आला. पाळकानं कसं ठणकावून सांगायला हवं, असं माझं मत.

पुढच्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी ते मोपेडला पिठाची पिशवी अडकवून परत आले. आमच्या मंडळीत प्रभुभोजनाची भाकर घरी करायची पद्धत आहे. असते ती गव्हाची, बिनखमिराची जाड पोळी, पण आम्ही तिला भाकरच म्हणतो. पिशवी आईपुढं ठेवून ते म्हणाले की उद्याची भाकर तुम्ही करायची.

"माझ्या हातची मंडळीला कशी चालंल, साहेब?"

"मला चालते, बाई. फक्त जाडसर करा, मागच्या वेळी पापड झाला होता."

पाळकाला नाही म्हणायची आईची हिंमत नव्हती. तिनं रडत रडत कणीक मळली. त्या रविवारी सगळ्या मंडळीनं तिच्या हातची भाकर घेतली आणि तिनं ताट पुढं धाडलं. नंतर कित्येक महिने हेच चाललं. भाकर ती करायची, खायची मात्र नाही. मी पाळकसाहेबांना एकदा बोलूनही दाखवलं की हा काय खेळ मांडलाय. ते शांतपणे म्हणाले की समजावून झालं, आता तिच्याजवळ बसून राहायचं. तुम्ही का खात नाही, असं त्यांनी आईला एकदाही विचारलं नाही, की मंडळीत कुणाला तिच्याबद्दल एक शब्द बोलू दिला नाही. सभेतल्या त्या वक्त्यांबद्दलही वाईट शब्द काढला नाही.

मग पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला, ताट घेऊन ते स्वतःच आमच्या रांगेत आले. आईनं हात झाकले. ते तिच्यासमोर थांबले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "गंगाबाई, गावानं वाळीत टाकलेल्याच्या हातचं कुणी खातं का? हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक. देवानं तुम्हाला टाकलं असतं, तर इतके महिने त्याच्या पंगतीचा स्वयंपाक तुमच्याकडून करून घेतला असता का?"

आईनं वर पाहिलं. मग मागं वळून सगळ्या मंडळीकडं पाहिलं. तिच्या हातचं जेवलेली ती सगळी माणसं धडधाकट बसली होती. तिनं पदराखालून हात काढला आणि तुकडा घेतला. मी तिच्याशेजारी बसून लहान मुलीसारखी रडले.

पुढं पाळकसाहेबांनी या विषयावर अभ्यासवर्गही घेतला. काही जण मानतात की ते पाप प्रभू पृथ्वीवर असतानाच घडू शकत होतं. काही म्हणतात की मरेपर्यंत क्षमा नाकारत राहणं हेच ते पाप. आणि काहींच्या मते सत्य ओळखून जाणूनबुजून त्याचा वैरी होणं, ते हे. पाळकसाहेबांनी ही सगळी मतं आदरानं मांडली आणि म्हणाले की यांच्यात वाद पुष्कळ आहेत, पण क्षमा मागायला आलेल्याला दारातून परत पाठवा असं यांच्यातला एकही म्हणत नाही.

ईट गावच्या एका शेतकरी बंधूंना प्रार्थनेला बसलं की मनात देवाबद्दल घाणेरडे शब्द यायचे. थांबवू गेलं की जास्तच यायचे. आपण ते पाप केलं, या भीतीनं त्यांची झोप उडाली होती. पाळकसाहेबांनी त्यांच्यासाठी प्रार्थना केली आणि मला फोन करून मनाच्या चांगल्या डॉक्टरांचा पत्ता विचारला. मन आजारी पडलं म्हणजे देव रुसला असं होत नाही, हे त्यांनी त्या बंधूंना सांगितलं. दवाखान्यापर्यंत सोबत गेले. ते बंधू आता बरे आहेत.

गेल्या वर्षी पाळकसाहेबांना हृदयाचं मोठं दुखणं झालं. सोलापूरहून शस्त्रक्रिया करून घरी आले, जखम भरली, पण माणूस गप्प झाला. मी रक्तदाब पाहायला जायची, आकडा चांगला यायचा आणि त्यांचा चेहरा तसाच. एकदा पाळकीणबाईंनी मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं की साहेबांना प्रार्थनाच करता येत नाही, ते निवृत्त झाल्यावर आलेले नवे पाळक घरी प्रभुभोजन द्यायला आले तर यांनी ताट परत पाठवलं. इतरांना आयुष्यभर धीर दिला आणि आतून मी रिकामाच होतो, देवानं मला टाकलं, असं ते म्हणतात. डॉक्टरांकडं चला म्हणून मी त्यांना त्यांचाच सल्ला ऐकवला. ते ऐकेनात.

मी घरी येऊन आईला सांगितलं. आईचे गुडघे गेलेत, घराबाहेर ती फारशी पडत नाही. पण रिक्षा बोलाव म्हणाली. पाळकसाहेबांच्या घरी जाऊन तिनं परात मागून घेतली, पीठ घेतलं आणि परात त्यांच्यापुढं सरकवली.

"साहेब, उद्याची भाकर तुमी करायची. मळा."

"गंगाबाई, मला देवाचं काहीच जाणवत नाही."

"मला तरी कुठं जाणवत व्हतं? मळा तुमी. म्या बसते इथंच."

टाके भरून आले होते, नाहीतर परात मीच ओढून घेतली असती. पाळकसाहेबांनी पिठात हात घातला. पाणी जास्त झालं, आईनं पीठ टाकलं. मग पीठ जास्त झालं, आईनं पाणी टाकलं. मळता मळता त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि त्यातच त्यांना हसूही आलं. भाकर काठाला जाड आणि मधे कागदासारखी झाली. दुसऱ्या दिवशी मंडळीनं तीच घेतली, आणि मागच्या बाकावर आईशेजारी बसून पाळकसाहेबांनीही घेतली. नंतर ते माझ्याबरोबर डॉक्टरांकडं आले. औषध चालू आहे, प्रार्थना हळूहळू परत येते आहे.

हे छापावं की नाही, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "माझं नुसतं गुणगान छापाल, तर घाबरलेल्या माणसाच्या ते काय कामाचं? मीही घाबरलो होतो, हे लिहा." म्हणून लिहिलं. हे वाचणाऱ्यांत कुणी ताट पुढं धाडून बसलेलं असेल, तर त्यांनी उमरग्याला यावं. पाळकसाहेब घरीच असतात.

पाळकसाहेब, रक्तदाब पाहायला मी येत राहीनच, तुम्ही मीठ तेवढं कमी खा. दर पहिल्या रविवारची कणीक आता तुम्ही आणि आई मिळून मळता. आई म्हणते की साहेबांच्या हाताला अजून वळण नाही, शिकायला त्यांना लई वर्षं लागतील. तेवढी वर्षं प्रभू तुम्हाला देवो, आणि शिकवायला आईलाही.