जामिनाचा फोन

गावातला पहिला फोन आमच्या किराणा दुकानात आला आणि मी उगाच अडकलो. विहिरीवरच्या मोटारी चोरल्याचा आळ असलेला एक गडी जामिनावर सुटला होता. त्यानं गाव सोडू नये म्हणून फौजदार रोज दिवेलागणीला दुकानात फोन करून त्याचा आवाज ऐकायचे. गडी ऐटीत खुर्चीवर बसून आमचाच चहा प्यायचा आणि मी फोनपाशी दावणीला बांधल्यासारखा.

मेहुणीचं लग्न मात्र मी चुकवलं नाही. फौजदारांचा फोन चुकू नये म्हणून दुकानाची किल्ली त्या गड्याच्याच हातात दिली आणि केजला गेलो.

परतलो तर हवालदार दारात उभा.

"गडी हजर होता, त्यानंच फोनवर सांगितलं. तुमी कुणाला इचारून गेलता गाव सोडून?"