कांबळे सिस्टरांचा डबा

माझ्या नवऱ्याला वाटतं, त्याला माझं सगळं ठाऊक आहे. बारावीला इंग्रजीत दोनदा आपटले ते ठाऊक, माहेरी भांडून उपाशी झोपले ते ठाऊक. हे एवढंच नाही ठाऊक. आईला सांगितलं नाही, मैत्रिणीला नाही, अंबाबाईपुढं हात जोडून उभी राहिले तेव्हाही मनातल्या मनात दुसरंच काहीतरी पुटपुटले. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखणाऱ्यांपुढं माझी जीभ उचलत नाही.

सुरुवात चटणीपासून करायला पाहिजे. हसू नका. आमच्या कोल्हापूरच्या बाईला विचारा, लग्न कसं जमलं — दोन वाक्यांत आटपेल. चटणी कशी केली विचारा — तुमची बस सुटेल, तिचं सांगणं संपायचं नाही. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायची. मिरच्या वाळवायच्या, मसाला भाजायचा, कांदा-लसूण तळायचा आणि सगळं घेऊन डंकावर जायचं. डंक म्हणजे विजेवर चालणारी लोखंडी मुसळं, खाली उखळं, आणि समोर नंबर लावून बसलेल्या बायका. प्रत्येक घरचं प्रमाण वेगळं, चव वेगळी. एकीची चटणी दुसरीच्या डब्यात गेली, असं डंकावर कधी व्हायचंच नाही. व्हायला नको, एवढ्यासाठीच तर मला कामावर ठेवली होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी एकोणीस वर्षांची, गडमुडशिंगीहून रोज बसनं यायची. शिवाजी पेठेतल्या त्या डंकाच्या मालकीणबाईंना सगळे आक्का म्हणत. माझं काम काय? वजन करायचं, नंबर लावायचा, चिठ्ठीवर नाव लिहून डब्याला चिकटवायची, उखळ पुसून घ्यायचं. ऐकायला सोपं वाटतं ना? मला पण वाटलं होतं. पहिल्याच दिवशी मिरचीचा हात डोळ्याला लागला आणि मी गल्लीभर बोंबलत धावले. आक्कांनी डोळ्यात दूध घातलं आणि लगेच वजनकाट्यावर बसवलं. म्हणाल्या, "एका डोळ्यानं दिसतंय न्हवं? मग लिव."

शिंकायचं नाही, हा पहिला नियम. तुम्ही डंकावर कधी उभे राहिलात का? तिथं न शिंकणं म्हणजे पाण्यात उभं राहून न भिजणं. शिंक आली की मी तोंडावर ओढणी दाबून रस्त्यापलीकडं पळायची, शिंकायची, परत यायची. दिवसातून तीस-चाळीस वेळा. समोरचा सायकलवाला मोजायला लागला. एकदा पळायला जमलं नाही, तर आक्कांनी सगळ्या रांगेसमोर विचारलं, "लोकांच्या वर्षाच्या जेवणावर शिंकतीस व्हय गं?" बायका हसल्या. मी पण हसले, आणि मग मोरीत जाऊन रडले. उखळ तीनदा पुसायचं, तिसरं फडकं पांढरंच निघालं पाहिजे. उशीर झाला तर बसचं कारण सांगायचं नाही, कारण बस आक्कांची नव्हती. आणि सगळ्यात मोठा नियम — चिठ्ठी डब्याला लावायची, झाकणाला कधी नाही. झाकणं सगळ्या पत्र्याच्या डब्यांची सारखी. झाकण फिरतं, डबा फिरत नाही. हे आक्का दिवसातून दहादा म्हणायच्या, आणि रांगेतल्या बायकांनाही ते पाठ झालं होतं.

मग सोडून का दिलं नाही काम? कारण आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अट घातली होती. "एक काम पावसाळ्यापर्यंत धरून दाखव, कॉलेजात घालतो. न्हायतर गारगोटीचं स्थळ हाय." ते स्थळ मी बघितलं होतं. पस्तिशीचा माणूस, पहिली बायको वारलेली, आणि चहा पिताना माझ्याकडं बघत होता ते म्हैस बघितल्यासारखं. मला आक्का चालत होत्या. आक्कांच्या हातचा मारही चालला असता.

हे मी कारण म्हणून सांगत नाही. सांगतेय — म्हणजे बघा, लगेच कारण दिल्यासारखंच झालं.

कांबळे सिस्टर एका दवाखान्यात नर्स होत्या. पलीकडच्या बौद्ध वसाहतीत राहायच्या. त्या वसाहतीतल्या बायका आमच्याकडंच यायच्या, सगळ्यांसोबत रांगेत बसायच्या, त्यात कधी काही वेगळं नव्हतं. निदान उघड तरी नव्हतं. माझा डोळा भाजला त्या दिवशी सिस्टर हळद कुटायला घेऊन रांगेत होत्या. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर जाता जाता त्यांनी मला डोळ्यांचे थेंब आणून दिले. कोण देतं? पुढं वर्षाची चटणी कुटायला आल्या, त्या दिवशीही त्यांची ड्युटी होती, थांबता येत नव्हतं. सगळं सामान माझ्या हवाली करून म्हणाल्या, "तू हायस म्हणून ठेवून चाललोय बग." आमच्याकडं बायकाही अशाच बोलतात, चाललोय, आलोय. कुणी आपलं वर्षाचं सामान डंकावर सोडून जात नाही. त्या गेल्या.

त्यांच्यानंतरचा नंबर वत्सलाकाकींचा. पेठेतलं मोठं घर. काकी उखळाशेजारी खुर्ची टाकून पहाऱ्याला बसल्या, कुटून झाल्यावर डबा निवायला ठेवून घरी गेल्या. संध्याकाळी मुलगा नेणार होता. कुटलेली चटणी गरम असते, झाकण लावलं तर घाम धरते, म्हणून डबे उघडे ठेवतात. दोन्ही डबे शेजारी शेजारी, उघडे. आणि चिठ्ठ्या? डबे तेलकट होते. खळ धरत नव्हती, चिठ्ठी सारखी घसरत होती. आक्का आत जेवायला बसल्या होत्या. झाकणं कोरडी होती. मी — मी दोन्ही चिठ्ठ्या झाकणांवर लावल्या.

तेवढ्यात वावटळ आली. वैशाखातली, रस्त्याची धूळ उचलून थेट आत. उघड्या डब्यांत धूळ गेली तर आक्का मला उखळातच घालतील, म्हणून मी धावले आणि हाताला येईल ते झाकण येईल त्या डब्यावर दाबलं. तेव्हा लक्षातही आलं नाही. संध्याकाळी काकींचा मुलगा काकींच्या नावाचं झाकण बघून डबा घेऊन गेला. सिस्टर आल्या, आपलं नाव बघून डबा घेतला, मला बिस्किटाचा पुडा दिला आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी आल्या. म्हणजे आवाज आधी आला. मुलाच्या डोक्यावर डबा. "ही आमची चटणी न्हवं, आक्का. रंग बगा. रात्री पोरांनी भाकरीबरोबर खाल्ली, चांगली हाय म्हणाली, पण आमची न्हवं." मी पुढं होऊन डबा उतरून घेतला, मुलगा तसाच माघारी गेला. झाकण बघितलं. सगळं एका क्षणात कळलं. आक्का आतून हात पुसत येत होत्या. कुणाच्या हातनं झालं असेल तर त्यानं आत्ता घर गाठायचं, असं त्या येता येताच म्हणत होत्या. मला गारगोटी दिसली.

मी पाठ फिरवून झाकणावरची चिठ्ठी नखानं काढली. टाकणार कुठं? मी ती तोंडात घातली. खळ, कागद आणि त्याला लागलेली लवंगी मिरची. गिळली. आजही ते आठवून मला हसू येतं आणि मग स्वतःचा राग येतो, कारण इथपर्यंतच ते हसण्यासारखं होतं.

चिठ्ठी कुठाय, आक्कांनी विचारलं. घसा जळत होता. मी म्हणाले, सिस्टरांनी काल दोन्ही डबे उघडून बघितले. मी नको म्हणेपर्यंत एक उचलून गेल्या.

एवढंच बोलले. "चोरला" असं मी म्हणाले नाही. तो शब्द काकींनी भरला. कोण सिस्टर, कुठल्या कांबळे — आणि मग त्यांचा चेहरा बदलला. आदल्या रात्री मुलांनी जी चटणी चांगली म्हणून खाल्ली होती, तिचा डबा त्यांनी पायानं पायरीखाली सरकवला. मला तिथंच थांबवता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. मी उखळ पुसायला घेतलं.

सिस्टरांना बोलवायला कुणी गेलं नव्हतं. ड्युटी संपवून त्या स्वतःच आल्या, रिक्षातून, डबा मांडीवर घेऊन. रांगेत दहा-बारा बायका होत्या. म्हणाल्या, "एक चमचा चाखला, आमची न्हवं हे कळलं. कुणाची हाय बगा, वाट बगत आसतील." काकी तिथंच होत्या, नव्या मिरच्या घेऊन. त्या जे बोलल्या ते मी सांगत नाही. सिस्टरांना आधी समजलंच नाही. मग त्यांनी झाकण पुढं केलं. "हे बगा की, माजं नाव हाय ह्यावर."

सगळ्या बायका झाकणाकडं बघायला लागल्या. आणि मी बोलले. कुणी विचारलं नव्हतं. मीच म्हणाले, "चिठ्ठी डब्याला लावतो आम्ही. झाकणावर कुणी लावली?"

कळलं ना तुम्हाला मी काय केलं? तो नियम सगळ्यांना पाठ होता. रांगेतल्या एकीनं लगेच मान हलवली, "तर काय, झाकणाला कोण लावतंय?" झालं. माझी चूक त्यांच्या अंगावर पुरावा म्हणून गेली. पहिलं खोटं मी भीतीनं बोलले असेन. हे दुसरं मी हुशारीनं बोलले.

सिस्टर माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांना कळलं होतं. त्यांनी चिठ्ठी सोलून काढली, वजनकाट्यावर माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाल्या, "अक्षर तुजंच हाय न्हवं, बाळ?" मी पुढच्या डब्याची चिठ्ठी लिहायला घेतली. पायरीखालचा आपला डबा उचलून त्या गेल्या. त्यांनी आणलेला डबा काकींनी घरात घेतला नाही. सिस्टरांच्या घरात राहून आलेला, म्हणून. आक्कांनी तो मला गटारीत ओतायला लावला. चांगली, एक चमचाच कमी झालेली वर्षाची चटणी. सगळी गल्ली शिंकत होती.

तिसऱ्या दिवशी आक्कांनी भिंतीकडेला एक वेगळा बाक टाकायला सांगितला. वसाहतीतले डबे तिकडं. "घोटाळा नको," एवढंच म्हणाल्या. बाक मी उचलून आणला, मी पुसला, त्यांच्या चिठ्ठ्या लाल शाईनं लिहायच्या हे माझ्याच डोक्यातून निघालं. आक्का खूश झाल्या. म्हणाल्या, पोरगी तयार झाली. वसाहतीतल्या दोन-चार बायका आल्या, बाक बघितला, डबे परत उचलून गेल्या. पावसाळा आला, आबांनी शब्द पाळला, मी कॉलेजात गेले. पदवी झाली, नोकरी लागली, मनासारखा नवरा मिळाला. सगळं त्या बाकावरून चढून मिळालं.

दहा-बारा वर्षांनी मी माझा डबा घेऊन त्याच डंकावर गेले. दुसरीकडं जाता आलं असतं, पण चव बसलेली होती. आक्का नव्हत्या, सूनबाई बघत होती. बाक तिथंच होता, रिकामा. रांगेतल्या एका नव्या सुनेनं विचारलं, हा बाक कशाला अडवून ठेवलाय, बसू का? सूनबाई म्हणाली, "तो त्या वसाहतीचा. सासूबाईंच्या वेळी एका नर्सनं डबा चोरलेला." आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "ह्या होत्या की तेव्हा कामाला. खरं हाय न्हवं, ताई?"

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. आता माझं कोण काय करणार होतं? नोकरी जाणार नव्हती, गारगोटी नव्हती. घरी दोन मुलं होती आणि कशाचीच भीती नव्हती.

मी व्हय म्हणाले. माझा नंबर आला, चटणी कुटून झाली, डबा घेऊन मी घरी आले. ती आम्ही वर्षभर खाल्ली.