रिठदचा समुद्र

समुद्र मी पाहिला तो ट्रकचा अ‍ॅक्सल तुटला म्हणून. कापसाच्या गाठी घेऊन रिसोडहून निघालेलो, कोकणातल्या एका किनाऱ्याच्या गावात आठ दिवस अडकलो. मी क्लीनर, बिनकामाचा. लाटा एवढ्या उंच की कावळे खालून उडत! पण मी पाहिलं ते वेगळंच. उतरायचा एक पाहुणा, त्याच्यावर जेवायची अख्खी गल्ली. खोली एकाची, जळण दुसऱ्याचं, मासळी तिसऱ्याची, टांगा चौथ्याचा.

घरी येऊन बायकोला सांगितलं, "आपल्या रिठदच्या पाझर तलावावर समुद्र करतो." दुष्काळात तो तलाव गावानंच खोदला होता, अर्धी टेकडी तर माझ्या एकट्याच्या टोपल्यांनी हलली.

"काहून जी, मीठ घरचंच टाकता काय?" ती म्हणाली.

क्लीनरकी सोडली. तलावाच्या पाळीवर तुरीच्या वाळक्या तुराट्यांचं खोपट बांधलं, भज्यांची कढई मांडली. कोकणचा हंगाम उन्हाळ्याचा, म्हणून मीही वैशाखातच उघडलं. समुद्र आटत नाही, पाझर तलाव आटतो, हे तो स्वतः खोदूनही सुचलं नाही. जवळच्या मालेगावाहून गाडीभर मंडळी आली.

"भाऊ, पानी कुठी गेलं?"

"ओहोटी हाये. भरती मिरगात."

बायकोनं ऐकलं. "पोळ्यापावतर थांबीन. नाई जमलं तर हे खोपट चुलीत, अन् तुमी ट्रकवर."

मिरग बरसला, तलाव भरला. पण माणसं शेतात, निंदणाला, डवऱ्याला. समुद्रावर मी आणि एक बगळा.

मग मी उलटं मोजलं. कोकणात लोक सुट्टीत येतात; आमच्याकडे सुट्टी कोणाला? बैलाला! पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीला, त्याची आंघोळ नाल्याच्या चिखलात व्हायची. पंधरा दिवस मी एकट्यानं मुरूम टाकून तलावात उतार केला. हाताची कातडी तिथंच राहिली. खांदशेकणीला बैलाच्या कानात "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणायची रीत. मी दोन दिवस आधीच गोठ्यागोठ्यात गेलो आणि मालकाच्या देखत, पण त्याला न विचारता, बैलाच्याच कानात म्हटलं, "आंघोळीचं आवतन घ्या, तलावावर या." बैलाचं आवतन मालक कोणत्या तोंडानं मोडणार?

गाव लोटलं. मागोमाग गोंडेवाला आला, शिंगं रंगवणारा आला, घुंगरूवाला आला. भिजलेली माणसं भज्यांवर तुटून पडली. दुपारीच जळण संपलं.

बायकोनं इकडंतिकडं पाहिलं, पदर खोचला आणि खोपटाच्या भिंतीतून मूठभर तुराट्या उपसून चुलीत घातल्या.

"पाहता काय? बेसन कालवा."