दोन किलोंचा साखरपुडा

माझी फजिती सांगतो, पण आधी चहा ठेवा खाली. हसताना सांडला तर मी जबाबदार नाही!

दोन वर्षं माझ्यावर दम्याचे उपचार चालले. पंचवटीतल्या आमच्या घराच्या अठरा पायऱ्या चढलो की मी माशासारखा तोंड उघडायचो. शेवटी एका डॉक्टर मॅडमनी छातीवर ती थंडगार जेली लावून इको केला, तेव्हा कळलं की दमा नाहीच. फुफ्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत दाब वाढलाय आणि हृदय दमलंय.

मॅडमनी मीठ तोडलं, पाणी दिवसाला दीड लिटर ठरवून दिलं, लघवीची गोळी लिहिली आणि बजावलं, "रोज सकाळी वजन करून लिहून ठेवायचं. दोन दिवसांत दोन किलो वाढलं, तर समजा अंगात पाणी साठतंय. वाट बघत बसू नका, तडक या!"

आता मला कोणी रोज काही लिहायला सांगणं म्हणजे काय! मी शाळेनंतर कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, पण डायरी एक दिवस चुकली नाही. लगेच वजनाचा काटा आणला. सहा वाजता काट्यावर उभा राहायचो आणि तिथेच, उभ्या उभ्या, आकडा टिपायचो. खाली उतरून लिहिला आणि विसरलो तर?

कुसुम, म्हणजे आमची ही, म्हणायची, "अहो, उतरून लिहा ना! पडाल एखादे दिवशी!"

"आकडा ताजा लिहायचा असतो," मी म्हणायचो. केवढी ती ऐट!

आमच्या मंजूचा साखरपुडा ठरला होता. खरं तर दुसऱ्यांदा! पहिली तारीख माझ्या दवाखान्यात भरती होण्यानं हुकली होती. आता पुन्हा मोडली, तर मालेगावच्या व्याह्यांना कुठल्या तोंडाने सांगणार? पोरगी रोज सकाळी दारातून हळूच विचारायची, "बाबा, किती?"

"चौसष्ट!"

की लागली गाणं गुणगुणायला.

साखरपुड्याच्या आदल्या संध्याकाळी मी आणखी एक काम उरकलं. सहा वर्षांच्या डायऱ्या एकत्र बाइंडिंगला दिल्या होत्या, तो ठोकळा घेऊन आलो. जाड पुठ्ठा, तांबडं रेक्झिन, पुढच्या दोन वर्षांची कोरी पानंही आतच शिवून घेतलेली. व्याह्यांना दाखवायचा बेत होता. माणूस किती शिस्तीचा आहे ते कळायला नको?

सकाळी सहाला काट्यावर चढलो. सहासष्ट!

उतरलो, पुन्हा चढलो. सहासष्ट! काटा सरकवून दुसऱ्या फरशीवर ठेवला. सहासष्ट!

"कुसुम! दोन किलो! एका रात्रीत!"

"अगं बाई! पायाला सूज दिसत नाही पण."

"आत असेल! पाणी आधी आत साठतं!" पाहता पाहता मला धापही लागली. खरंच लागली हो!

मंजू दारात उभी. हातावर मेंदी. "किती" म्हणून विचारलंच नाही तिने.

रिक्षा केली. पोटाशी डायरी धरून मी, शेजारी कुसुम आणि नव्या साडीतली नवरी. घराला कुलूप! बारा वाजता पाहुणे येणार, हे कुणाच्या ध्यानातच नाही.

दवाखान्यात नंबर लागेपर्यंत अकरा वाजले. मॅडमनी पाय दाबून पाहिले, मानेच्या शिरा पाहिल्या, छाती ऐकली. "सगळं छान आहे की! चला, वजन करू." माझी डायरी टेबलावर, मी काट्यावर. चौसष्ट!

"मॅडम, तुमचा काटा बिघडलाय," मी छातीठोकपणे सांगितलं.

"आमचा?"

इतक्यात बाहेर गलका झाला. पाहुणे वेळेआधीच पोचले, दाराला कुलूप पाहिलं, शेजाऱ्यांनी पत्ता दिला आणि मालेगावची जीप थेट दवाखान्यात! पुढे फेटा बांधलेले व्याही, मागे आठ-दहा माणसं आणि साखरेचे पुडे.

"काय व्हयनं व्याहीसाहेब? तब्येत कशी शे?"

आता तर मला पुरावा देणं भागच होतं. "थांबा, सगळ्यांसमोर दाखवतो! घरी करतो तस्संच करतो!" मी टेबलावरची डायरी उचलली, काट्यावर चढलो, पेन काढलं. "बघा! सहासष्ट! सांगत नव्हतो?"

 मॅडम पुढे आल्या, त्यांनी माझ्या हातातून अलगद डायरी काढून घेतली.

काटा चौसष्टावर!

डायरी परत दिली. सहासष्ट. घेतली. चौसष्ट.

पहिली हसली ती मंजू. मग काय, भिंती हलल्या. व्याह्यांचा फेटा सुटला. मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आलात ते बरोबरच केलंत. पुढेही असंच लगेच यायचं. फक्त सूज वहीला तर आली नाही ना, हे आधी पाहायचं!"

सगळे घरी परतलो आणि साखरपुडा वेळेवर झाला. मी पाटावर बसायला गेलो तर व्याही ओरडले, "वही खाले ठेवा, पाट मोडी जाई!"

मॅडमनी त्या दिवशी चिठ्ठीवर सगळ्यात वर ठळक अक्षरांत लिहून दिलं होतं : वजन वही खाली ठेवून करावे.

इतकी मोलाची चिठ्ठी हरवू नये म्हणून मी ती लगेच एका जाड पुठ्ठ्यावर डकवली आणि पुठ्ठ्यासकट डायरीत चिकटवली.